आबांची जावा विकली, त्याबद्दल

गेल्या महिन्यात आमची १९६९ सालची जावा २५० मोटारसायकल मी विकली आणि तेव्हापासून निम्म्या नातेवाइकांनी मला 'बापाची आठवण विकणारा' ठरवले आहे. आबा गेल्यानंतरची सहा वर्षे ती गाडी पडवीत चादरीखाली उभी होती, आणि या सहा वर्षांत ती चादर उचलून पाहायला त्यांच्यापैकी एकही जण आला नाही.

आबा जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होते. लसीच्या बाटल्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालायच्या, थर्मास कॅरिअरला सुतळीने आवळायचा आणि गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्या धरायच्या, ही त्यांची नोकरी खरे तर या गाडीनेच केली. मूळचा चेकोस्लोव्हाकियातला आराखडा घेऊन म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनत होत्या. १९७३ च्या सुमारास टाकीवरचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. आम्हा कोल्हापूरकरांना त्याची झळ जरा कमी लागली, कारण उद्यमनगरात जुना भाग नमुना म्हणून दिला की तसाच बुश किंवा तशीच पिन लेथवर करून मिळत असे.

या गाडीत किकची आणि गिअरची दांडी एकच असते. ती आत दाबून वर फिरवली की किक होते, आणि इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा जागेवर आणली की तिनेच गिअर टाकायचे. आमच्या मेहुण्यांना ती कसरत शेवटपर्यंत जमली नाही. सर्वांत जास्त हळहळ आता तेच व्यक्त करत आहेत. टू-स्ट्रोक इंजिन असल्याने तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे, आणि आबा ते जनावरांना टोचायच्या जुन्या काचेच्या सिरिंजने लिटरला ४० मिली असे मोजून घालत. डोळ्यांच्या रेषेत सिरिंज धरून थेंब पाहणारे आबा मला आजही जसेच्या तसे दिसतात.

अशी गाडी उभी ठेवली की सुरक्षित राहते, हा समज मात्र चुकीचा आहे. पेट्रोल उडून जाते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट थर उरतो, टाकी आतून गंजते, क्रँकचे ऑइल सील वाळून कडक होतात आणि मग इंजिन गिअरचे तेल ओढून पांढरा धूर ओकू लागते. आमच्या गाडीचे हे सगळे झाले होते. ५० वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ मध्ये केंद्राने 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली, ती करून घ्या असेही एकाने सुचवले. तिचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणजे पुन्हा चादर आलीच.

विकायची म्हटल्यावर तिघे आले. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याला ती दाराशी चौथऱ्यावर उभी करायची होती आणि त्याची बोली सर्वांत मोठी होती. दुसऱ्याला मागचे मडगार्ड कापून, हँडल बदलून तिला 'मॉडिफाय' करायचे होते. त्याला मी चहा पाजून परत पाठवले. तिसरा उद्यमनगरातला पंचविशीचा टर्नर. त्याने रंगाकडे किंवा क्रोमकडे पाहिलेही नाही, खाली वाकून ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे झाकण काढले, त्यातली गॅप पाहिली आणि मला विचारले, "काका, तेल कोणतं घालत होता?" हॉटेलवाल्यापेक्षा त्याने बरेच कमी पैसे दिले. बायकोला हा व्यवहार अजून पटलेला नाही आणि हिशेबापुरते तिचे म्हणणे खरेही आहे.

हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या करताना हात थोडा अडखळला, हे कबूल करतो. परवा त्याचा फोन आला. सील बदलून, टाकी साफ करून गाडी सुरू झाली होती आणि तो जोतिबाचा डोंगर चढवून आला होता. फोनवरच त्याने इंजिनचा आवाज ऐकवला. मग जरा संकोचत त्याने ती काचेची सिरिंज मागितली.

ती मात्र मी दिली नाही.