मेवाडचे दोन वारस आणि एक पार्किंग

सोसायटीने प्रत्येक सदनिकेला यापुढे पार्किंगची एकच जागा मिळेल, असे परिपत्रक काढले आणि आमच्या घरात दोन म्हाताऱ्या वाहनांचा तौलनिक अभ्यास सुरू झाला. एक वडिलांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी, दुसरी माझी १९९४ सालची बजाज चेतक. एकीला चितोडच्या राणीचे नाव, दुसरीला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. त्यामुळे निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी मेवाडचा अपमान अटळ होता.

वडिलांनी गाडीसाठी नाव नोंदवून कैक वर्षे वाट पाहिली होती. मी स्कूटर घेतली तोवर उदारीकरण येऊन गेले होते आणि विक्रेताच गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. "अरे, दुकानात जाऊन हातोहात आणलेली वस्तू ती, तिला काय वाहन म्हणायचं?" हे त्यांचे मत आजही कायम आहे. शिवाय १०८९ सीसीच्या चार सिलिंडरपुढे टू-स्ट्रोकच्या एकुलत्या सिलिंडरने काय बोलावे? पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे, सीटखालचा कॉक फिरवायचा, चोक ओढायचा, स्कूटर कलती करून पुन्हा सरळ करायची आणि मग किक मारायची, एवढा व्यायाम पद्मिनी देत नाही, हे मी निदर्शनास आणून दिले. इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे चेतकवर थोडे तिरके बसण्याची जी सवय लागते, ती माझ्या बाबतीत खुर्चीवरही टिकून आहे.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघे बसतात. मधल्या माणसाने मात्र गुडघे आणि मते दोन्ही आवरून धरायची असतात. तिच्या खिडकीतली ती तिकोनी काच नेमकी फिरवली की वारा थेट तोंडावर येतो. एवढी सोय नव्या गाड्यांतून का काढून टाकली, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

पत्नीने हा वाद पर्यावरण करावर आणला. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी वाहनांना महाराष्ट्रात तो भरावा लागतो आणि आमच्याकडे तर दोन्ही पात्र उमेदवार. "दोन्ही काढा आणि रिक्षाने फिरा," असे ती म्हणाली, तेव्हा पितापुत्रांमध्ये प्रथमच एकमत झाले.

अखेर समितीच्या सचिवांनी जागेवर येऊन, टेप लावून, गाडीच्या नाकापुढे स्कूटर आडवी मावते असा निर्वाळा दिला. तेव्हापासून वडिलांना बँकेत जायचे असले की मला आधी स्कूटर बाहेर काढावी लागते, आणि "काढतोच आहेस तर तिच्यावरूनच सोडून ये, गाडी कशाला तापवायची?" असे म्हणून ते मागे बसतात.