चारशे शेकेल चांदीची गुहा

सारा हेब्रॉनला वारली तेव्हा तिचा नवरा, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहम, तिथे उपराच होता. बायकोला पुरायला हातभर जमीन नाही. एफ्रोन नावाचा मालक म्हणाला, अशीच घ्या. अब्राहमने ऐकलं नाही. गावाच्या वेशीत, चारचौघांसमोर ४०० शेकेल चांदी मोजली आणि शेतासकट गुहा विकत घेतली. ज्यूंच्या धर्मग्रंथातली, तोरातली ही गोष्ट म्हणजे चक्क खरेदीखत आहे. मुसलमानांना हाच माणूस इब्राहिम, त्यांचाही पैगंबर.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा पुन्हा ऐकलेलं वाक्य: "ते ज्यू-मुसलमानांचं हजारो वर्षांचं वैर आहे हो, मिटायचं नाही." मला हे पटत नाही. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंपैकी कितीतरी जण ऑटोमन सुलतानाच्या मुलखात आसऱ्याला गेले. तिथे दुय्यम म्हणून राहिले, जास्तीचा कर भरला. गोडीगुलाबी होती असं नाही. पण शतकानुशतकं ज्यूंचा जीव नकोसा केला तो मुख्यतः ख्रिस्ती युरोपने. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल ज्यू, तर मुसलमानांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत राहिले.

मग इस्रायल-पॅलेस्टाईनचं हे भांडण आलं कुठून? माझ्या मते आधी कागदातून. १८५८ मध्ये ऑटोमन सरकारने जमिनी नावावर करायचा कायदा आणला. कर वाढेल, पोरांना फौजेत नेतील, या धास्तीने पॅलेस्टाईनच्या अनेक शेतकऱ्यांनी नावच लावलं नाही. जमिनी सावकार-सरदारांच्या नावे चढल्या. कसणारा तोच, उताऱ्यावर दुसरा. पुढे बैरूतच्या सुर्सोक घराण्याने पॅलेस्टाईनच्या मर्ज इब्न आमीर खोऱ्यातली गावं ज्यू संस्थांना विकली. व्यवहार कायदेशीर, पैसे चोख. कुळं मात्र उठली. ज्यू राष्ट्रीय निधीच्या जमिनीवर मजूरही ज्यूच लावायचे असा दंडक होता, म्हणजे मजुरीही गेली. ज्यांच्या घरात कूळकायद्याच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांना त्या शेतकऱ्याचा राग कळायला कुराण वाचावं लागणार नाही.

घेणाराही चैनीसाठी घेत नव्हता. रशियात ज्यूंच्या वस्त्या जळत होत्या. १८९६ मध्ये ज्यू राष्ट्राचं पुस्तक लिहिणारा हर्झल धर्मकर्मातला माणूस नव्हताच. कित्येक कर्मठ रब्बींनी तर त्याला विरोध केला, मसीहा येण्याआधी कसलं राज्य म्हणून.

त्यात १९१७ चं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं पत्र. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं, इंग्रजीत जेमतेम ६७ शब्दांचं वचन. दहातले नऊ लोक अरब, पण त्यात 'अरब' हा शब्दच नाही! ते झाले "बिगरज्यू समाज". त्यांचे नागरी आणि धार्मिक हक्क सांभाळू म्हटलंय. राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर नाही. हीच जमीन अरबांनाही कबूल केली होती की नव्हती, यावर इंग्रज नंतर वर्षानुवर्षं शब्दच्छल करत बसले.

धर्म पेटला तो १९२९ मध्ये, जेरुसलेममध्ये ज्यू जिथे प्रार्थना करतात त्या पश्चिम भिंतीवरून. हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. त्यातले बरेच जण कुणाची जमीन घ्यायला आलेले नव्हते; पोथ्या शिकणारे विद्यार्थी, जुनी घराणी. काही अरब शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात लपवलं, हेही तेव्हाच घडलं.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं, त्या वेळच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले. पुढच्या काही दशकांत अरब देशांतून जवळपास तितकेच, किंबहुना थोडे जास्तच, ज्यू बाहेर पडले. एकाचं दुःख सांगून दुसऱ्याचं खोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

खरी गाठ बसली १९६७ नंतर. त्या वर्षीच्या युद्धात वेस्ट बँक इस्रायलच्या हातात आल्यावर धर्मनिष्ठ वसाहतवाल्यांना ती देवाची देणगी वाटू लागली. १९८८ च्या सनदेत हमासने अख्खा पॅलेस्टाईन कयामतपर्यंतचा वक्फ ठरवला. शेताची वाटणी होते; देवाच्या नावावर चढलेल्या शेताची कोण करणार? १९९३ मध्ये इस्रायलचा पंतप्रधान राबिनने करायला घेतली, तर १९९५ मध्ये त्याला मारणारा अरब नव्हता, धर्माचा दाखला देणारा ज्यू तरुण होता.

आणि ती गुहा? तिच्यावरच्या वास्तूत २५ फेब्रुवारी १९९४ ला बारुख गोल्डस्टीन या ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. तेव्हापासून वास्तूची वाटणी झाली आहे. दारं वेगळी, बाहेर सैनिकांची तपासणी. नियमाने वर्षातले दहा दिवस सगळी वास्तू ज्यूंची, दहा दिवस सगळी मुसलमानांची. एरवी मधलं दार बंद.