‘फसवणूक’ म्हणालात म्हणून

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि झोप लागली नाही. एकपेशीय जीव आणि झाडं यांच्या रचनेवरचा माझा लेख वरवरचा आहे, युग्लीना या एकपेशीय जीवाच्या वर्गीकरणावर त्यात काही नाही, हे तुमचं मत. असू द्या. पण “कापसाचा धागा म्हणजे एकच पेशी, असं सांगून कास्तकाराच्या पोरांना फसवू नका” हे वाक्य? चूक म्हणा, पुरावा मागा. फसवणूक कशाला म्हणता?

एक चूक कबूल. झाडातली प्रत्येक पेशी जिवंत असते, असं मी लिहिलं होतं. जलवाहिनीतल्या पेशी मेल्यावरच पाणी वाहून नेतात. ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता धागा. माझं लहानपण यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात गेलं. आईसोबत वेचणीला जायचो, वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघायची. पुढे 24 वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. सरकीवरचा एक धागा ओढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पीळ पडलेली चपटी फीत दिसेल, मधे आडवी भिंत कुठेच नाही. फूल उमलतं त्या सुमारास कोवळ्या सरकीच्या सालीतली एक पेशी बाहेर फुगते, तीनेक आठवडे लांबत जाते, मग आतून सेल्युलोजचे थर चढतात. लांबी अडीच-तीन सेंटीमीटर, जाडी जेमतेम 15 ते 20 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते, पीळ खाते. तोच तुमच्या अंगावरचा सुती सदरा.

“पेशी डोळ्यांना दिसत नाही” हे तुम्ही पाठ केलंय, तपासलं नाही. आकारावर काही ठरतच नाही, हेच तर मी लिहिलं होतं! क्लॅमिडोमोनास हा पाण्यातला हिरवा एकपेशीय जीव सुमारे 10 मायक्रोमीटरचा. तेवढ्यात उजेडावर अन्न बनवणारं पेल्यासारखं हरितलवक, उजेड ओळखणारा तांबूस ठिपका, पोहायला दोन कशाभिका म्हणजे चाबकासारख्या शेपट्या, जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या रिक्तिका म्हणजे बारीक पिशव्या. सगळा संसार एका पेशीत. धाग्याची पेशी त्याच्या हजारो पट लांब, पण पानानं साखर पुरवली नाही तर तिची वाढ खुंटते. ती एकटी जगूच शकत नाही, म्हणून पऱ्हाटी बहुपेशीय.

युग्लीनाच्या वादात मी पडणार नाही. वेचणीच्या दिवसात शाळेत या, सूक्ष्मदर्शकाखाली काच लावून ठेवतो. धागा स्वतः बघा आणि पोरांसमोरच तो शब्द मागे घ्या.