पूर आणि टँकर एकाच वर्षात हवेत ना, मग हे करा

पुण्यात राहता आणि अजून तुमच्या सोसायटीत जुलैत पार्किंगमध्ये पाणी अन् एप्रिलात गेटवर टँकर, असं दोन्ही होत नाही? कमिटी झोपलीये तुमची. पण अवघड काही नाहीये, सगळं जमतं.

आधी माती झाका. फार आगाऊ असते ती, पाऊस पडला रे पडला की पिऊन टाकते, खाली मुरमात सोडते, मग ते पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमधून हळूहळू कुणाच्या तरी विहिरीला, बोअरला जातं, आणि असलं फुकटचं आपल्याला पचत नाही. म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, खाली काँक्रीट, झाडाच्या अगदी बुंध्यापर्यंत सिमेंट. झाड वाळलं तर वाळू दे, ते कुठे मेंटेनन्स भरतंय.

मग ओढा. काठावर उंबर, करंज, वाळुंज असलं काही उगवलेलं असेल तर पहिलं ते उपटा, त्यांच्यामुळे पाणी अडतं, रेंगाळतं, जिरतं, कशाला उगीच. रात्री राडारोड्याचे चार डंपर ओता, पात्र अर्धं झालं की सीमाभिंत पुढे सरकवा. आंबिल ओढ्याचं एवढं मनावर घेऊ नका. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो भिंती फोडून सोसायट्यांत घुसला, गाड्या एकमेकींवर चढल्या, माणसं गेली. त्यातून आपण काय शिकलो, तर भिंत आणखी उंच पाहिजे.

त्याच ओढ्यावर कात्रजला नानासाहेब पेशव्यांनी तलाव बांधला आणि तिथून पाणी बंदिस्त नळातून शनिवारवाड्यापर्यंत, पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं, तेही नुसत्या उतारावर, ना पंप ना लाइटबिल. अठराव्या शतकातली गोष्ट. टेंडर काढायची अक्कल नव्हती, दुसरं काय.

नदीकाठी फ्लॅट घेताय? मस्त. नकाशावर निळी रेषा दिसेल, ती 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. म्हणजे 99 वर्षं निवांत की! पुराला कॅलेंडर वाचता येत नाही वगैरे बोलणारे नकारात्मक लोक असतात, त्यांना ग्रुपमधून काढा.

आता रेन वॉटर हार्वेस्टिंग. ते करायचंच, टॅक्समध्ये सूट मिळते, पण पाणी जिरू द्यायचं नाही, ही खरी कला. गच्चीवरून पाइप खाली आणायचा, खड्ड्यावर लोखंडी झाकण टाकायचं, फोटो काढायचा आणि झाकणावर सेक्रेटरीकाकांची ॲक्टिव्हा कायमची उभी करायची. फिल्टरमधली वाळू पानं, प्लास्टिक आणि एका चपलेने तुंबली की झालं, पाणी गुमान रस्त्यावर. हिशोब मात्र करू नका. 500 चौरस मीटरची गच्ची, वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, म्हणजे साडेतीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 35 टँकर. थोडं गळालं, उडालं तरी तीसेक टँकर आपण दरवर्षी गटारात सोडतो आणि उन्हाळ्यात तेवढेच गेटवर मागवतो, आहे की नाही शिस्त?

मार्चमध्ये बोअर आटला की शेजारी दुसरा मारा. आधी पानाड्या बोलवा, तो तळहातावर नारळ ठेवून पार्किंगभर फिरेल, नारळ उभा राहिला की तिथे खडूने फुली मारेल. हमखास ती चेअरमनच्या कारखाली निघते. मग कार काढायची की नाही यावर दोन मीटिंगा. आणि अमक्या सोसायटीला 400 फुटांवर लागलं म्हणून आपण 600 जायचं, मशीन आलंच आहे तर.

एवढं करूनही एजीएममध्ये एखादी उत्साही मावशी उठतेच की पेव्हर काढून शोषखड्डे करू, ओढ्याकाठी झाडं लावू, टेकडीवर चर खणायला श्रमदानाला जाऊ. वाद घालू नका. टाळ्या वाजवा, पर्यावरण उपसमिती काढा, मावशींनाच अध्यक्ष करा आणि बजेट शून्य ठेवा.