सात पर्णिकांची फांदी जंगलीच असते असे नाही

‘वेली गुलाब वर्षभर फुलवण्याचे पाच उपाय’ हा संदेश सध्या सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो वाचून जुळे सोलापुरातल्या माझ्या मावशीने गच्चीच्या कठड्यावर चढवलेल्या वेलीच्या सर्वांत जोमदार फांद्या बुडापासून छाटल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक उपाय पहिलाच आहे: पाच पर्णिकांची (एका पानातल्या छोट्या पानांची) फांदी कलमाची, सात पर्णिकांची जंगली, म्हणजे ज्या खुंटावर कलम केले त्याची, ती दिसताच कापावी. हे धादांत खोटे आहे. ज्या रोझा मल्टिफ्लोरा आणि रोझा विचुराना या जातींपासून असंख्य वेली गुलाब निपजले, त्यांच्याच पानांत सात ते नऊ पर्णिका असतात. शिवाय एकाच फांदीवर खाली सात, तर फुलाजवळ पाच किंवा तीनच पर्णिका आढळतात. जंगली फूट ओळखायची ती तिच्या उगमावरून. बुंध्यापाशी माती थोडी बाजूला करावी, डोळा भरलेल्या, म्हणजे खुंटावर कलम केलेल्या जागेची गाठ शोधावी आणि फांदी त्या गाठीखालून निघाली असेल तरच ती मुळाशी ओढून उपटावी. गाठीवरून आलेली लांब, बिनफुलांची फांदी हीच पुढच्या बहराची आशा असते; ती आडवी वाकवून सुतळीने सैल बांधली की तिच्या डोळ्याडोळ्यातून फुलणाऱ्या उपफांद्या फुटतात.

ऑक्टोबरमध्ये गुडघ्याएवढी छाटणी करावी, हा दुसरा उपाय झुडपी गुलाबासाठी आपल्याकडे रूढ आहे, एवढे मान्य करावे लागेल. वेलीला मात्र तो लावू नये. तिच्या वाळक्या व रोगट फांद्या काढाव्यात आणि फुलून गेलेल्या उपफांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणाव्यात. मुख्य फांद्या तशाच राखाव्यात.

‘पाने पिवळी पडली, दर आठवड्याला एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला’ हा तिसरा उपायही चूकच. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या उद्यानविद्यातज्ज्ञ लिंडा चाल्कर-स्कॉट यांनी या समजुतीची छाननी करून दाखवले आहे की, मॅग्नेशियमची कमतरता नसेल तर घरच्या बागेत त्याचा लाभ होत असल्याचा पुरावा नाही. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत मॅग्नेशियम सहसा पुरेसे असते. कमी पडते ते झाडाला घेता येणारे लोह. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर तो शेतकऱ्यांच्या बोलीतला केवडा होय. त्यावर ईडीडीएचए स्वरूपातले चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या जमिनीतही झाडाला घेता येईल असे बांधलेले लोह, जमिनीतून द्यावे. उलट मॅग्नेशियमचा अतिरेक पोटॅश व कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणतो.

चौथा उपाय केळीच्या सालीच्या पाण्याचा; त्यात पोटॅश असते, पण अगदी थोडे. साली कंपोस्टमध्ये टाकाव्यात. संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडण्याचा पाचवा सल्ला तर काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला आमंत्रण आहे. पाणी सकाळी, बुंध्याशी आणि मुळांपर्यंत जिरेल इतके द्यावे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.