दुखायचं थांबलं म्हणजे दात बरा झाला? त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

गेल्या काही दिवसांत तो एकच मेसेज मला इतक्या पेशंटनी पाठवलाय की आता प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहिते. एरवी क्लिनिकमधून तुम्हाला सुट्ट्या, तपासणी शिबिराची तारीख, मुलांच्या ब्रशिंगबद्दलच्या गोष्टी येतात, आज हे वाचा आणि जमलं तर ज्यांच्याकडून तो मेसेज आला त्यांनाही वाचायला द्या.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दातांच्या डॉक्टरकडे जायची गरजच नसते. क्लिनिंगने दात हलायला लागतात, कीटण लिंबू आणि सोड्याने घरीच निघतं, कीड आपोआप भरून येते आणि दुखायचं थांबलं की दात बरा झाला, वरची दाढ काढली की नजर जाते, रूट कॅनालने कॅन्सर होतो, पेस्टमधलं फ्लोराइड विष आहे, आणि दुधाचे दात पडणारच असतात तर त्यांच्यावर खर्च कशाला.

"क्लिनिंगने दात हलतात, फटी पडतात"

हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं आणि विचारणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो, क्लिनिंगनंतर त्यांना खरंच फट जाणवलेली असते, दात शिवशिवलेले असतात. पण ती फट पडली कधी ते बघायला हवं.

दातांवर रोज एक चिकट थर बसतो, तो जंतूंचा असतो आणि ब्रशने निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे तो तसाच राहतो, लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसत जातं आणि काही दिवसांतच तो कडक व्हायला लागतो, हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून बघा, बऱ्याच जणांना तिथे खरखरीत लागेल, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच जवळ उघडतात (दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण तेच). या खरखरीत कीटणावर नवीन जंतू आणखी सहज चिकटतात, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हिरडी खाली सरकते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हे सगळं बहुतेक वेळा अजिबात न दुखता होतं.

म्हणजे दात हलायला लागतो तो हाड गेल्यामुळे. आणि हाड जाऊन जी फट पडली तिच्यात कीटण भरलेलं असतं, शेजारच्या दातांना ते सिमेंटसारखं जखडून ठेवतं, त्यामुळे दात घट्ट आहे असं वाटतं. आम्ही ते कीटण काढलं की आधीपासूनची फट पहिल्यांदा दिसते आणि दोष क्लिनिंगला जातो. कीटण तसंच ठेवलं तर हाड झिजायचं थांबत नाही, दात पडायचा तो पडतोच, फक्त कळतं उशिरा.

क्लिनिंगच्या मशीनला पातंही नसतं, टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा थरथरतं, त्याने कीटण सुटतं आणि सोबत पाण्याचा फवारा चालू असतो. हिरडी खाली गेलेली असेल तर मुळाचा उघडा भाग काही दिवस शिवशिवतो, तो भाग जपूनच साफ करावा लागतो, आणि त्रास होत असेल तर करतानाच हात वर करून सांगा, आम्ही थांबतो.

अजून एक, रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचाच सोडून देणारे खूप आहेत. तसं करू नका, मऊ ब्रशने तिथेच नीट घासायचं, सूज त्या जंतूंच्या थरामुळेच असते. दोन आठवडे नीट घासूनही रक्त येत राहिलं तर दाखवून घ्या.

"लिंबू आणि सोडा चोळा, कीटण विरघळतं"

कीटण कशाचं बनतं ते वर सांगितलं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. दाताचं वरचं कवच, इनॅमल, कशाचं? त्याचंही तेच, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. जे ॲसिड एकाला विरघळवेल ते दुसऱ्यालाही विरघळवणार. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज सुटायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या मधे असतो. चोळल्यावर दात गुळगुळीत, पांढरे वाटतात कारण वरचा थर गेलेला असतो. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड जसं जुळून येतं तसं ते पुन्हा तयार होत नाही. एकदा गेलं की आतला पिवळसर थर दिसायला लागतो, म्हणजे पांढरे करायला गेलेले दात उलटे पिवळे दिसतात आणि गार-गरम लागायला लागतं ते वेगळंच. नुसता खायचा सोडा त्या मानाने बराच सौम्य आहे पण घट्ट झालेलं कीटण त्यानेही निघत नाही.

"कीड आपोआप भरून येते, दुखायचं थांबलं की दात बरा झाला"

संपूर्ण मेसेजमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी या एका ओळीची वाटते, कारण यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्या खऱ्याच्या जोरावर बाकीचं पटून जातं.

खरं काय ते आधी. आपण कीड म्हणतो पण तिथे किडा बिडा नसतो, पियेर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्येच लिहून ठेवलंय की सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही त्याला किडा दिसला नाही. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन ॲसिड तयार करतात आणि ते ॲसिड दातातलं खनिज काढतं. लाळ तेच खनिज परत भरत असते. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते, आणि काढणं जास्त झालं की पहिल्यांदा दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या पायरीला, खड्डा पडायच्या आधी, दात सावरू शकतो, हे अगदी खरं. सारखं गोड तोंडात टाकणं कमी केलं, दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने घासलं तर असा डाग तिथेच थांबतो, कधी पुसटही होतो, आणि अशा डागावर आम्ही ड्रिल लावत नाही, लक्ष ठेवतो. पण एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही, कुठल्याच पावडरने नाही, तेलाने नाही, चुळांनी नाही.

आता दुखण्याचं. इनॅमलला संवेदना नसते त्यामुळे सुरुवातीची कीड कळतच नाही. पुढे गार लागतं, गोड लागतं, मग कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्र रात्र ठणका, आडवं झालं की जास्त. आणि मग एक दिवस अचानक दुखायचं थांबतं. घरातले म्हणतात बघ लवंगेच्या तेलाने गेलं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याने बधिरपणा येतो हे खरंय, आम्हीही युजेनॉल असलेलं सिमेंट वापरतो. पण दुखणं पूर्ण थांबलं ते बहुतेक वेळा आतली नस मेल्यामुळे. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात.

एक काका आले होते, दाढ ठणकत होती तेव्हा येणार होते, दोन दिवसांत थांबलं म्हणून अपॉइंटमेंट रद्द केली. काही महिन्यांनी गाल सुजून आले. रद्द करायचा फोन आला तेव्हा मीच घेतला होता आणि तेव्हा मी त्यांना नीट समजावून सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. हे सगळं लिहायला बसले त्याचं एक कारण तेही आहे.

सूज बहुतेक वेळा गालापुरती राहते, पण नेहमी नाही. २००७ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये शाळेत जाणारा एक मुलगा किडक्या दातातलं इन्फेक्शन मेंदूपर्यंत पोचून गेला.

आणि कृपा करून मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. नस मेलेल्या दातात आत रक्तपुरवठाच नसतो, गोळीतलं औषध तिथे पोचणार कसं. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण तेही दाताच्या उपचारासोबत, त्याच्याऐवजी नाही.

"वरची दाढ काढली की नजर जाते"

दाताच्या नसा मेंदूच्या पाचव्या नसेच्या फांद्या आहेत, दिसण्याची नस दुसरी, ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. दाढ काढताना त्या दुसऱ्या नसेला हातही लागत नाही. भुलीच्या इंजेक्शननंतर फार क्वचित थोडा वेळ अंधुक किंवा दोन-दोन दिसू शकतं, ते साधारणपणे भूल उतरली की जातं. हा समज इतका पक्का का बसलाय तर मला वाटतं वयामुळे. चाळिशीनंतर सगळ्यांनाच जवळचं वाचायला चष्मा लागतो आणि दाढा काढायची वेळही बऱ्याच जणांवर त्याच वयात येते. उलट वरच्या सुळ्याचं इन्फेक्शन तसंच ठेवलं तर सूज डोळ्याखाली चढते, तेव्हा डोळ्याची काळजी असेल तर तो दात लवकर दाखवा.

"रूट कॅनालने कॅन्सर होतो"

याचं मूळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने रूट कॅनाल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, आणि त्याने अशा दातांमुळे शरीरभर रोग होतात असं १९२३ मध्ये मांडलं. तेव्हा लोकांचे ढिगाने दात काढले गेले. पण त्या प्रयोगांमध्ये जंतूंचं प्रमाण भरमसाट होतं, तुलनेची सोय नीट नव्हती, आणि पुढे इतरांनी जास्त काळजीपूर्वक केलं तेव्हा तसं काही निघालं नाही, म्हणून १९५० च्या दशकापर्यंत तो विचार मागे पडला. रूट कॅनालने कॅन्सर होतो असा पुरावा आजही नाही. रूट कॅनालमध्ये आम्ही करतो काय तर सडलेली नस काढून आतली पोकळी धुऊन बंद करतो, म्हणजे जंतूंचं घर मोडतो. ते कधी कधी फेल जातं, पुन्हा करावं लागतं, दाढेला नंतर कॅप नाही घातली तर ती फुटू शकते, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते.

यातच "एक्स-रेचं रेडिएशन" पण जोडलंय. एका दाताच्या छोट्या एक्स-रेचा डोस साधारण एका दिवसात आपल्याला निसर्गातून जेवढं रेडिएशन मिळतं तेवढा किंवा त्याहून कमी असतो. पण तो कशासाठी काढतोय हे विचारायचा तुमचा हक्क आहे. फोटो स्क्रीनवर दाखवा म्हणा, कीड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणा. शंका असेल तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, मला राग येणार नाही. डॉक्टरांवर विश्वास नसतो म्हणूनच असे मेसेज पसरतात, आणि काही जणांना आधी वाईट अनुभव आलेले असतात हे मला माहितीये.

"फ्लोराइड विष आहे"

किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. फ्लोराइड जास्त झालं तर त्रास होतो, पाण्यातच खूप असेल तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडांनाही त्रास होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १.५ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितलीय. गंमत अशी की फ्लोराइडचा उपयोग कळला तोच अशा डागांमुळे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या लक्षात आलं की हे डागवाले दात किडत मात्र कमी आहेत. कारण पाण्यातलं फ्लोराइड हे १९३१ मध्ये कळलं. मग प्रमाण एवढं कमी ठेवलं की डाग जवळजवळ पडणार नाहीत पण फायदा मिळेल, आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते घातलं, तर ११ वर्षांनी, ते सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून जास्त कमी झालेली दिसली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

घरी एवढंच सांभाळा: तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी, ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आणि थुंकायला शिकवा. मोठ्यांनी थुंकल्यावर खळखळून चूळ नाही भरली तर उलट बरं, पेस्ट थोडा वेळ काम करत राहते.

"दुधाचे दात पडणारच"

पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर त्याने पुढची पाच-सात वर्षं एका बाजूने चावायचं का? शिवाय ती दाढ खाली येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवते, लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवीन दात वाकडा येतो. आणि आईबाबांनो, साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजून दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. आज रात्री मुलांना तोंड उघडायला लावून टॉर्चने मागे बघा, तिच्यावर काळी रेघ किंवा खड्डा दिसला तर घेऊन या.

बाकी कशाला अपॉइंटमेंटची वाट बघता येते पण सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला त्रास होत असेल, सोबत ताप असेल तर थांबू नका, लगेच फोन करा, आणि श्वासाला त्रास वाटला तर आमच्याकडे न येता सरळ हॉस्पिटलला जा.