सोमवारी सकाळी वाढलेलं सव्वा किलो

सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममधली एक मैत्रीण डबा उघडेना. बरं नाही का, म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मॅडम, एका दिवसात सव्वा किलो वाढलं. महिनाभर जिवाला मारलं, सगळं पाण्यात गेलं. आता दोन दिवस मी काहीच खाणार नाही." आदल्या दिवशी ती भाच्याच्या लग्नाला गेली होती. मसालेभात, पुऱ्या, जिलेबी, दोन वाट्या मठ्ठा.

मी गणित शिकवते, म्हणून तिला आधी गणितच घातलं. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण 7700 कॅलरी लागतात, त्याही रोजच्या गरजेच्या वर. सव्वा किलोसाठी साडेनऊ हजारांच्या पुढे. एक पुरणपोळी 300 कॅलरीची धरली, तर नेहमीचं जेवण जेवून वर बत्तीस पुरणपोळ्या. तू खाल्ल्यास का? नाही ना? मग जे वाढलं ते चरबी नव्हे. खारट जेवणाने अंगात धरून ठेवलेलं पाणी आहे ते, आणि पोटातून अजून पुढे न सरकलेलं अन्न. तिने डबा उघडला, पण अर्धीच पोळी खाल्ली. त्या अर्ध्या पोळीने मला रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी स्वतः यातून गेले आहे. तीन वर्षांपूर्वी साखर काठावर आली, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि मी घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. नाव लिहीत नाही, कारण अशी ठिकाणं गल्लोगल्ली आहेत. पोळी-भात बंद, मीठ जवळजवळ बंद. दहा दिवसांत 3.4 किलो कमी! माझा फोटो त्यांच्या भिंतीवर लागला. घरी सणाला दोन दिवस नीट जेवले आणि चौथ्या दिवशी तीन किलो परत. तिथल्या मुलाने मला सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, काय खाल्लंत?" मला चोर ठरवल्यासारखं वाटलं. खरी गोष्ट अशी की शरीर जी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवतं, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. पोळी-भात बंद केला की तो साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि काटा झपाट्याने खाली येतो. खाल्लं की साठा भरतो, पाणी परत येतं. हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हा घरात सासूबाईंचा जुना स्प्रिंगचा काटा होता. जरा पुढे वाकून पाहिलं की एक आकडा, सरळ उभं राहिलं की दुसरा. जिममध्ये तिसरा, दवाखान्यात चौथा. खरा कोणता, या विचाराने मी हैराण झाले होते. आज मी खात्रीने सांगते, की तो प्रश्नच चुकीचा होता. काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल तर दाखवू दे, पण रोज तेवढाच जास्त दाखवायला हवा. वजन उतरवणाऱ्याला आकड्यांतला फरक पाहायचा असतो. म्हणून एकच काटा, एकच जागा, एकच वेळ. दवाखान्याच्या आकड्याशी घरचा आकडा ताडून पाहायचाच नाही.

किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. आपल्या घरातला काटा तपासायला कुणी येत नाही, तो आपणच तपासायचा. नवा काटा घ्यायला दुकानात जाताना मी पिठाची पाच किलोची न फोडलेली पिशवी घेऊन गेले. आधी नुसती उभी राहिले, मग पिशवी कवेत घेऊन, मग परत नुसती. असं तीन वेळा. फरक दर वेळी 5.0 किंवा 5.1 यायला हवा आणि पहिला-शेवटचा आकडा जुळायला हवा. नुसती पिशवी काट्यावर ठेवून पाहू नका, बरेच काटे इतक्या कमी वजनाला जागेच होत नाहीत. दुकानदार सुरुवातीला वैतागला, नंतर त्यानेच दुसरे दोन काटे काढून दिले. त्यातल्या एकावर 5.6, मग 4.7 आलं. किंमत त्याचीच सगळ्यात जास्त होती.

अजून एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात, आणि नवं वजन त्याच्या अगदी जवळ असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. आपल्याला वाटतं, काय पक्का काटा आहे! म्हणून वजन करून उतरायचं, फुलपात्रभर पाणी हातात घेऊन परत चढायचं. दोनशे ग्रॅमची वाढ दिसली नाही तर तो काटा घेऊ नका. ब्लूटूथ आणि अ‍ॅप यांवर पैसे घालवायची मला तरी गरज वाटली नाही. आकडे मोठे, पाय ठेवायला जागा ऐसपैस, आणि साधे पेन्सिल सेल चालणारा असला की झालं. चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे तळपायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. अंगात पाणी कमी-जास्त झालं की तो अंदाज हलतो. त्या टक्केवारीवर डाएट बदलू नका.

बाथरूमचा काटा म्हणतात, पण आमचा बाथरूममध्ये नाही. तिथे वाफ, ओल आणि काचेवर पाय घसरायची भीती. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे, तिच्यावर तो डुगडुगायचा. डिजिटल काट्याच्या चारही कोपऱ्यांतल्या पायांत वजन मोजणारे सेन्सर असतात. एक पाय अधांतरी राहिला किंवा खाली सतरंजी आली की आकडा भरकटतो. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी मोझॅकचा एक सपाट तुकडा सापडला. तिथे चार पायांच्या जागी मी लाल नेलपॉलिशचे चार ठिपके दिले आहेत. झाडताना काटा हलला तर ठिपक्यांवर परत ठेवायचा, एकदा नुसतं चढून उतरायचं, शून्य येऊ द्यायचं आणि मग वजन करायचं.

सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनवर. आकडा कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने. मागच्या पावसाळ्यातला एक आठवडा सांगते: 72.4, 72.1, 73.3, 72.9, 72.3, 71.9, 72.0. त्या 73.3 ला मी पूर्वी रडले असते. सातांची बेरीज 506.9, सातने भागलं की 72.4. त्याच्या आधीच्या आठवड्याचा मध्य 72.8 होता. म्हणजे ज्या आठवड्यात मधेच सव्वा किलोची उडी दिसली, त्याच आठवड्यात माझं वजन चारशे ग्रॅमनी उतरलं होतं. नववीच्या पोरांना सांख्यिकीत मध्य शिकवताना इतकी वर्षं मी हे माझ्या स्वतःच्या कामाला लावलं नव्हतं. बायांनो, पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत अंगात पाणी साठतं. त्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा.

हा काटा घरात आहे याचं खरं मोल मला माझ्या वजनामुळे कळलं नाही, सासूबाईंमुळे कळलं. त्यांचं हृदय कमजोर आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज सकाळी वजन करा आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न पाहता फोन करा. आईंना ते पटायचं नाही. "या वयात माझं काय वजन बघता!" तरी मी हात धरून उभी करायचे. गेल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी 58.2, बुधवारी 59.1, शुक्रवारी 60.3. पाय सुजलेले दिसत नव्हते, दम लागला का विचारलं तर म्हणाल्या नाही. खाणं तर रोजचंच, अर्धी भाकरी आणि आमटी. फोन केला, डॉक्टरांनी लगेच बोलावलं, लघवीच्या गोळीत बदल केला. पुढच्या गुरुवारी 58.4. अंगात पाणी भरतंय हे त्यांना किंवा मला कळायच्या आधी कालनिर्णयच्या चौकोनांत दिसलं होतं. माझी ती मैत्रीण ज्या पाण्याला चरबी समजून उपाशी राहायला निघाली होती, तेच पाणी वेळीच दिसलं म्हणून आईंवर लगेच उपचार झाले.

काट्याला जे दिसत नाही, तेही सांगायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः दोघांचा शेजारी-शेजारी उभं राहिलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्या लोकांत वजन बेताचं असूनही चरबी जास्त असते, तीही बरीचशी पोटात. म्हणून महिन्यातून एकदा शिंप्याची टेप कमरेला लावते. बायकांना 80 सेंटीमीटर, पुरुषांना 90, याच्या पुढे गेलं की डॉक्टरांशी बोलायचं. माझं वजन दोन महिने हललं नव्हतं तेव्हा कंबर तीन सेंटीमीटरने उतरली होती.

आणि ज्यांना सकाळच्या आकड्यामुळे दिवसभर घास गिळवत नाही, त्यांनी रोज काट्यावर चढू नये, घरातल्यांनी त्यांना चढवूही नये. विशेषतः वयात येणाऱ्या मुलींना. पाहुण्यांसमोर "बघू गं किती भरतेस" हा प्रकार तर कृपा करून बंद करा.

मैत्रिणीचा आज गुरुवारी सकाळी मेसेज आला. सोमवारी 69.3 होतं, आज 68.1. काहीही न सोडता. आज तिने डबा पूर्ण खाल्ला, माझ्या डब्यातली शेंगाचटणीही घेतली.

सोलापुरात कुणाला, विशेषतः घरात हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण आहे त्यांना, काटा घ्यायला सोबत हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. शनिवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते. पाच किलोची पिशवी मी आणीन.